जोडीचं पान

तीन पानांच्या खेळात सगळ्यात अवघड पानं कोणती, असं नवशिक्याला विचारलं तर तो सांगेल, हलकी. मला ते पटत नाही. हलकी पानं आली की फेकून द्यायची, चहा प्यायचा. तीन एक्के आले तरी अवघड काही नाही, फक्त तोंडावरचं हसू आवरायचं. अवघड असते ती जोडी. दोन गुलाम आणि एखादी पंजी. फेकवत नाहीत आणि छाती ठोकून पुढेही जाववत नाही. त्यात समोर पानं न बघताच नोटा आपटणारा गडी बसला असेल, तर जोडीवाल्याचा घाम निघतो. माझं अर्धं आयुष्य हा घाम बघण्यात गेलं. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहितो.

आमचं गाव आपटा, पनवेल तालुका. पाताळगंगेच्या काठी. खोपोलीच्या टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी नदीत येतं, त्यामुळे ती उन्हाळ्यातही आटत नाही. पनवेलहून रेल्वे १९६६ साली आपट्यापर्यंत आली आणि वीस वर्षं इथेच थांबली. पुढे रोह्याला गेली ती १९८६ मध्ये. शहरातल्या लोकांना आमचं स्टेशन माहीत असतं ते सिनेमामुळे. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'मधली ती शेवटची धावती गाडी आमच्याच फलाटावरची. आम्हाला मात्र गाव म्हटलं की भात, वाल, हिवाळ्यातली पोपटी आणि गणपतीतली जागरणं आठवतात.

भादव्यात लावणी आटोपलेली असते, बेणणीही झालेली असते. भात पोटरीला यायचं असतं. शेतकऱ्याला वर्षात जे थोडे मोकळे दिवस मिळतात, त्यातले हे. घरात गणपती, रात्री आरती, भजन, आणि भजनकरी उठले की ओटीवर घोंगडी पसरायची. चार आण्याचा खेळ, पुढे रुपयाचा झाला. पाच-सहा जण बसायचे, दहा-बारा जण मागून वाकून बघायचे.

कायद्याने हा जुगारच. १८८७ सालचा जुगाराचा कायदा आपल्याकडे अजून चालतो. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने रमीत बऱ्यापैकी कौशल्य लागतं असं म्हटलं, पण सांगताना तीन पानांचा दाखला निव्वळ नशिबाचा खेळ म्हणून दिला. कोर्टाशी वाद घालणारा मी कोण, दहावी झालेला माणूस. आणि पैसे लावून खेळा असं सांगायलाही मी बसलेलो नाही. एवढंच म्हणतो, की पानं नशिबाची असली तरी चाल माणसाची असते.

ही चाल मी बघितली आमच्या धाकट्या काकांची. काका रेल्वेत गँगमन होते. दिवसभर रुळाच्या बाजूने चालायचं, सकाळ-संध्याकाळ शेत. शाळा चौथीपर्यंत. पण बावन्न पानं त्यांच्या बोटांवर असायची. खेळायचे वर्षातून पाच रात्री, तेही विडीच्या पैशातून वाचवलेल्या रकमेवर. ती रक्कम रुमालात बांधून कंबरेला. रुमाल संपला की उठायचं, कुणी कितीही हात धरला तरी. काकी त्या पाच रात्री आतल्या खोलीत झोपायची आणि सकाळी रुमाल चाचपून बघायची. तिला खेळ कधीच आवडला नाही. "पत्त्यात शहाणे आणि घरात उधारी," असं ती सगळ्यांसमोर म्हणायची. गावातल्या दोन-तीन घरांकडे बघून म्हणायची आणि ते खरंही होतं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रत्येकाला तीन पानं उपडी मिळतात. सगळ्यात वर ट्रेल, म्हणजे तीन सारखी. मग एकाच रंगाचा सिक्वेन्स, साधा सिक्वेन्स, कलर, मग जोडी. आणि काहीच नसेल तर मोठं पान कुणाचं ते बघायचं. पानं न उचलता खेळला तो ब्लाइंड. ज्याने पानं बघितली त्याला ब्लाइंडवाल्याच्या दुप्पट पैसे टाकावे लागतात. शेवटी दोघं उरले की पैसे टाकून शो मागायचा. पण आमच्याकडचा जुना नियम असा, की समोरचा ब्लाइंड असेल तर बघितलेल्याला शो मागता येत नाही. दुप्पट टाकत राहायचं, नाहीतर पानं ठेवून द्यायची.

हा नियम नीट डोक्यात घ्या, कारण जोडीची सगळी पंचाईत त्यात आहे.

माझ्या मुलाने एकदा वहीत हिशेब मांडून दिला. बावन्न पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारांनी येऊ शकतात. त्यातल्या १६,४४० प्रकारांत हातात काहीच नसतं. जोडी ३,७४४ वेळा. जोडीच्या वरचं सगळं मिळून १,९१६. म्हणजे शंभरात चौऱ्याहत्तर वेळा कचरा, सतरा वेळा जोडी आणि नऊ वेळाही धड वरचं पान नाही. हातात गुलामांची जोडी असेल तर समोरच्या एका माणसाकडे त्याहून मोठं पान असण्याचा संभव साधारण आठात एक. चव्व्यांची जोडी असली तरी पाचात एक. ऐकायला किती छान वाटतं! पण समोर एक नाही, पाच माणसं बसली असतील तर पाचांपैकी कुणा ना कुणाकडे गुलामांच्या वरचं पान निम्म्या वेळा निघतं. तीच जोडी एकासमोर पैलवान आणि पाचांसमोर पोरगी.

काकांना हा हिशेब आकड्यांत माहीत नव्हता. पण त्यांचं खेळणं त्याच्या बाहेर कधी गेलं नाही. सगळे टेबलावर असताना जोडी आली तर ते गप्प. बाजूचा बघितलेला असेल तर साइड शो मागायचे, म्हणजे दोघांतच हळूच पानं दाखवायची आणि कमी असेल त्याने ठेवायची. एकेक जण गळून एकटा ब्लाइंडवाला समोर उरला की मात्र ते सरसावून बसायचे. तरीही चाल वाढवायची नाही. लागतील तेवढेच दुप्पट, एक पैसा जास्त नाही.

मी एकदा विचारलं, "काका, जोडी हाय तर वाढवत का नाय?"

म्हणाले, "वाढवलं की तो पानं उचलंल. कचरा असंल तर ठेवून देल, मोठं असंल तर बसंल. म्हंजे जो हरणार तो पळाला आन् जो मारणार तो ऱ्हायला. मग मी वाढवून काय मिळवलं? त्याला आंधळाच असू दे. आंधळ्याच्या पैशाला त्याच्या पानांची खबर नसते."

हे शेवटचं वाक्य मला फार वर्षं पुरलं. दांडगाईने खेळणारा माणूस नोटा आपटतो, आवाज करतो, हसतो, "आहे का हिंमत?" म्हणतो. आपल्याला वाटतं, एवढा जोर आहे म्हणजे पानं असणार. अरे, पण त्याने बघितलीच नाहीत! त्याची पानं अजूनही शंभरात चौऱ्याहत्तर वेळा कचराच आहेत. त्याच्या आवाजाने ती बदलत नाहीत. घाबरून जोडी ठेवून दिली तर तो आवाजावर जिंकला. चिडून वाढवली तर आपण त्याच्या खेळात गेलो. मधली वाट म्हणजे लागेल तेवढं टाकत शांत बसणं, आणि तीच सगळ्यात कठीण. शिव्या न देता बांधावर उभं राहण्यासारखं आहे ते.

पण ही वाट किती लांब चालायची? इथे पैशाचा दुसरा हिशेब येतो. तो एक टाकतो, आपण दोन. म्हणजे तीनात दोनदापेक्षा जास्त वेळा आपण जिंकलो तरच हे टाकणं परवडतं. गुलामांची जोडी आठात सात वेळा जिंकते, म्हणजे हिशेब आपल्या बाजूचा. मात्र तो लागू होतो शंभर डाव खेळणाऱ्याला. आपल्या रुमालात एका डावापुरते पैसे असतील आणि समोरच्याचा खिसा खोल असेल, तर हिशेब बरोबर असून आपण रिकामे होतो.

ते मी डोळ्यांनी बघितलं. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. रसायनीचे कारखाने आधीच उभे राहिले होते, रोह्याची गाडी सुरू झाली होती, आणि पनवेल भागात जमिनींच्या व्यवहारांना जोर आला होता. शेतावर न आलेला पैसा पहिल्यांदा गावात दिसायला लागला. त्या गणपतीत गावातल्या एका घरी जावई आले होते. जीपगाडी, पांढरे बूट, जमिनीची दलाली. जावई म्हटल्यावर घोंगडीवर मानाची जागा मिळाली. आणि पहिल्या डावापासून गृहस्थ ब्लाइंड. पानांना हात नाही. आमचे लोक रुपया-दोन रुपयांवर खेळणारे. त्यांनी दहाची नोट टाकली की निम्मे जण पानं ठेवून मोकळे. तासाभरात त्यांच्या गुडघ्यापुढे नोटांचा ढीग. त्यातल्या किती डावांत त्यांच्याकडे पानं होती, देव जाणे.

मग एका डावात काकांनी पानं उचलली. मी मागे बसलो होतो. दोन गुलाम आणि पंजी. बाकीचे गळाले, उरले काका आणि जावई. जावयाने ब्लाइंड दहा टाकले, काकांनी वीस. त्याने वीस, काकांनी चाळीस. त्याने चाळीस, काकांनी ऐंशी. ओटीवर कुणी बोलेना. समईची वात पुढे करायलाही कुणी उठेना. त्याने ऐंशी टाकले. काकांनी रुमाल पूर्ण सोडला आणि एकशे साठ मोजून ठेवले. वर्षभराचे तीनशे रुपये घोंगडीवर. जावयाने पानांकडे न बघता एकशे साठ टाकले आणि मांडी बदलली.

काकांना आता तीनशे वीस लागत होते. शो मागता येत नव्हता, कारण समोरचा ब्लाइंड. मागून दोघं-तिघं म्हणाले, "घ्या आमच्याकडून, नंतर द्या." एकाने नोटा पुढेही केल्या. काकांनी त्या बघितल्या, आपली पानं जुळवून उपडी ठेवली आणि म्हणाले, "ठेवली."

जावयाने हसत आपली पानं उलटली. किलवरची दुर्री, चौकटची सत्ती, बदामचा बादशहा. कचरा. सगळी ओटी हळहळली. मला तर रडायला आलं होतं. वय अठ्ठावीस-एकोणतीस, पण आलं. काका पाणी प्यायले आणि कंदील घेऊन शेतावर निघाले. मी पाठोपाठ. बांधावर पाण्याचा आवाज येत होता. म्हटलं, "काका, आपली पानं मोठी होती."

"होती ना."

"मंग ठेवली कशाला? पैसे देत होते लोक."

"ते लोकांचे होते. माजे संपले." थोडं चालल्यावर म्हणाले, "पानं बरोबर खेळलो मी. नियम वाकडा हाय. ज्याच्याकडं पैसा हाय तो डोळं मिटून बसला की ज्याच्याकडं पानं हायेत त्याला उठायला लागतं. हा नियम रुपयाच्या खेळाचा, शंभराच्या खेळाला नाय चालायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका चार जाणत्या माणसांच्या घरी जाऊन आले. रात्री आरती झाल्यावर त्यांतल्या सर्वांत वयस्कर माणसाने सांगितलं, की आजपासून या ओटीवर चारदा ब्लाइंड झाला की पानं उचलायची. आणि मधे पन्नास रुपये जमले की डाव तिथेच थांबवून उरलेल्यांनी पानं दाखवायची. जावयाला उद्देशून कुणी काही बोललं नाही, मान राखला. गृहस्थ बसले, तीन-चार डाव खेळले. पानं उचलून खेळायची वेळ आली तेव्हा कळलं, की त्यांना जोडीचं काय करायचं ते माहीतच नव्हतं. दहा वाजता झोप येते म्हणून उठले. काका त्या रात्री खेळायला बसले नाहीत, रुमाल रिकामा होता. खांबाला टेकून बघत होते.

तो नियम आमच्या ओटीवर अजून आहे. रकमा वाढल्या, नियम तोच.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. पुढच्याच वर्षी तसलाच एक दलाल आमच्या दारात आला. जावई नव्हे, दुसरा, पण खेळणं तेच. आमची सामाईक सव्वा एकर. सातबाऱ्यावर वडील, काका आणि दोन आत्या. रस्त्याला थेट लागून नाही, पण फार आतही नाही. म्हणजे बघा, जोडीच. दलाल आठवड्याला यायचा आणि दर वेळी भाव वाढवायचा. "शेजारच्याने दिली. तुमची मधे अडकली तर कुत्रं विचारणार नाही. परवापर्यंत सांगा." खिशातून पाच हजार काढून ओटीवर ठेवायचा. म्हणायचा, हा इसार घ्या, साठेखतावर सह्या करा, बाकीचे सहा महिन्यांत. आणि कागदावर घेणाऱ्याच्या नावाची जागा मोकळी.

वडील घाबरले होते. मग चिडले आणि म्हणाले, दुप्पट भाव सांगतो, बघू देतो का. काकांनी त्यांना थांबवलं. "भाव बोललास की आपण इकायला बसलो हे त्याला कळंल. तू काय बोलू नको. तो ब्लाइंड खेळतोय."

मला तेव्हा नीट कळलं नाही. काकांनी समजावून सांगितलं, की याच्याकडे पैसे नाहीत आणि गिऱ्हाईकही नाही. पाच हजारांत तो आपली जमीन सहा महिने बांधून ठेवणार आणि मग गिऱ्हाईक शोधणार. मिळालं तर मधला फायदा त्याचा. नाही मिळालं तर त्याचे गेले पाच हजार, आपली मात्र जमीन अडकली. तो एक टाकतो, आपण दोन. फरक एवढाच, की इथे ओटी आपली होती.

दलाल पुढच्या वेळी आला तेव्हा काका बोलले. आवाज न वाढवता चार गोष्टी विचारल्या. घेणारा कोण, त्याला घेऊन या. पूर्ण पैसे कधी. खरेदीखत पनवेलच्या रजिस्ट्रार कचेरीत कोणत्या तारखेला. आणि आमच्या दोन्ही बहिणींना त्यांचा वाटा हातात कसा देणार. "एवढं दाखवा, मंग बोलू." दलाल हसला, "एवढा अविश्वास?" म्हणाला. काका म्हणाले, "इस्वासाचं नाय, पानं बगायची हायेत."

तो आणखी दोनदा आला, भाव आणखी वाढवून. घेणारा माणूस काही आला नाही. मग तोही यायचा थांबला.

आमच्या पलीकडच्या बांधावरच्या एका घराने तसला इसार घेतला होता. सहा महिन्यांची मुदत उलटली, पैसे आले नाहीत. दुसऱ्याला विकावी तर कागदावर सह्या झालेल्या. कोर्टात तारखा पडत राहिल्या आणि पीक घ्यायलाही धीर होईना. बरीच वर्षं तिथे नुसतं गवत होतं. त्या घरच्या माणसाची पानं आमच्यापेक्षा चांगली होती, रस्त्याला लागून जमीन. पण त्याला कुणी सांगितलं नाही, की नोट आधी पडली म्हणून पानं मोठी होत नाहीत.

आता ओटीवर बसणारे कमी झाले. पोरं मोबाइलवर खेळायची. शहरात नोकरी करणारा पुतण्या पोकरबद्दल सांगतो. हातात दोन पानं, मधे पाच उघडी. तो म्हणतो, तिथेही हाच प्रश्न, मधलं पान हातात आणि समोर दांडगा. २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, बरं झालं. मोबाइलमध्ये समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि नियम वाकडा वाटला तर सकाळी कुणाच्या घरी जाऊन बोलायचीही सोय नाही.

काका जाऊन पंधरा वर्षं झाली. रुमाल काकीने ठेवला होता, ती गेल्यावर माझ्याकडे आला. त्या सव्वा एकरात यंदा कर्जत-३ लावलं आहे. हळवं भात, लवकर निघतं, मागून वाल टाकता येतो. आत्यांच्या मुलांना वर्षाला तांदूळ जातो.

विमानतळामुळे पुन्हा गाड्या फिरायला लागल्या आहेत. गेल्या महिन्यात एक जण आला, खुर्चीवर बसायच्या आधीच आकडा बोलला. मोठा आकडा होता, मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी चहा मागवला आणि काकांच्या चार गोष्टी विचारल्या. माणूस म्हणाला, पार्टीला विचारून सांगतो.

अजून आलेला नाही.